शाळेचं जुनं दप्तर (नोंदवह्या) मृगाच्या आत वाचवायचंय: माजी विद्यार्थी व पालकांना आवाहन

सप्रेम नमस्कार वि. वि.

थोरल्या बाईंनी सोलापुरात साखर पेठेत राहत्या वाड्याच्या ओसरीवर बालवर्ग काढला, सूनबाईंनी तो चौथीपर्यंत नेला, आता नातसून, म्हणजे धाकट्या बाई, सांभाळतात, हे आपल्याला सांगायला नको. वाट बालशिक्षणातल्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांची, सामान मात्र सगळं इथलं. गुलाबी मनोऱ्याचे (हे माँटेसरीचं एकावर एक रचायचं साधन) १ ते १० सेंटीमीटरचे दहा ठोकळे पेठेतल्याच सुतारकाकांनी मजुरी न घेता करून दिले. (सगळ्यात लहान ठोकळा दरवर्षी हरवायचा, काका दरवर्षी मुकाट्यानं नवा द्यायचे.) पहिल्या सतरंज्या चादर कारखानदारांच्या, खाऊचे शेंगदाणे विड्या वळणाऱ्या आयांनी मूठ-मूठ जमवलेले. मिल बंद पडल्या तेव्हा फी थकली म्हणून एकाही पोराचं नाव काढलं नाही. घरी तेलुगू, कन्नड बोलणारी पोरं याच ओसरीवर मराठी बोलू लागली. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे.

हा इतिहास जनरल रजिस्टरांत (मुलांच्या दाखल-नोंदींच्या वह्यांत), हजेरीपटांत आणि फीच्या वह्यांत आहे आणि ती पानं आता उलटवत नाहीत. निळ्या-काळ्या शाईतलं लोह आणि आम्ल कागद खातं, अक्षराच्या जागी भोक उरतं. पत्र्याखाली मे महिन्यात कागद कडक होतो, पावसाळ्यात बुरशी धरतो, बांधणीच्या खळीला कसर लागते. कुणी मायेनं सेलोटेप लावली, ती आता अक्षरासकट निघते. लॅमिनेशन सुचवणाऱ्यांना हात जोडून नकार: आम्ल आतच कोंडतं आणि पान परत सोडवता येत नाही.

आधी मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर धूळ काढायची. फाटक्या कडांना जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. शाईवर ओली खळ चालत नाही, डाग पसरतो. मग वरून कॅमेऱ्याने ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) प्रती, कारण झेरॉक्सच्या काचेवर पालथं दाबलं की बांधणी मोडते. तीन संच, त्यातला एक शहराबाहेर. खरा घोळ सूचीत आहे. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, आणि जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून टाकलेली. वडिलांचं नाव आणि पेठ जुळवल्याशिवाय मूल सापडत नाही.

जात पडताळणीला इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची नोंद लागली की आपण याच रजिस्टरासाठी पायरी चढता. जरूर चढावी, हक्कच आहे. पण मागच्या आवाहनाच्या पेटीत एका कपाटाचे पैसेही जमले नाहीत, हे मनाला लागलं.

गड्ड्याची जत्रा उठली की काम सुरू. हवंय: लोखंडी कपाटं २, आम्लविरहित पेट्या ३०, टिश्यू, हार्ड डिस्क ३, शनिवारी दोन तास देणारे तेलुगू-कन्नड जाणणारे. जुने फोटो अल्बममधून सोलून काढू नयेत, अल्बमच आणावा. प्रत काढून लगेच परत. चेक शाळेच्या ट्रस्टच्या नावे. करसवलत हवी तर रोख २,००० रुपयांवर देऊ नये. पावती मागून घ्यावी. भेट: शाळेतच, दुपारी १२ ते २, धाकट्या बाईंकडे (रविवार सोडून).

आपला,
कार्यवाह