बिल दहा मिनिटात मिळालं, फाईल आठ महिने झाले तरी नाही

मा. संपादक साहेब,
नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, बेदाण्याच्या शेडवर हिशोब लिहितो. माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, गेल्या ऑक्टोबरात पित्ताशयाच्या खड्याच्या ऑपरेशनला खाजगी हॉस्पिटलात ॲडमिट केली, दुर्बिणीतून आहे, तिसऱ्या दिवशी घरी जाल असं सांगितलेलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तुम्ही छापणार पण नाही आणि चौकशी झाल्याशिवाय कुणाला खुनी ठरवायची मला घाई पण नाही.

ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी संध्याकाळपासून पोट दुखायला लागलं, सिस्टर म्हणाली दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, होतं असं. रात्री जवळ भाची होती, तिनं १ वाजून ४७ मिनिटांनी मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, मामा बघ आईचं पोट कसं डब्ब झालंय. मी झोपलेलो. आक्काच्या बोटाला ते चिमट्यासारखं मशीन लावलेलं असतं ना, त्याच्यावरचे आकडे व्हिडिओत स्पष्ट दिसतात, नाडी १३४ आणि ऑक्सिजन ८८. भाची दोनदा काउंटरला जाऊन आली, डॉक्टर सकाळी राउंडला येतील असं उत्तर. पाच वाजता धावपळ करून आयसीयूत नेलं आणि साडेसहाला गेली म्हणून सांगितलं.

आता त्यांनी दिलेल्या दोन पानी डेथ समरीत लिहिलंय, रात्री २ वाजता नाडी ८४, पेशंट स्टेबल. मग तेरा मिनिटात १३४ ची ८४ कशी झाली एवढंच मला विचारायचंय. मृत्यूचं कारण काय तर कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला, अहो ते तर प्रत्येक मेलेल्या माणसाचं पडतंच, का पडलं ते लिहा ना.

बिल मात्र दहा मिनिटात प्रिंट होऊन आलं, चार पानं, हातमोज्यांच्या जोड्यासुद्धा मोजलेल्या. माझं कामच हिशोबाचं असल्यामुळे मी ते ओळ न् ओळ वाचलं तर त्यात बुधवारी संध्याकाळनंतर डॉक्टर व्हिजिटचा एक रुपया पण लावलेला नाही, थेट पहाटे पाचला आयसीयू. यांनी व्हिजिट केली आणि पैसे लावले नाहीत असं तर होणार नाही.

म्हणून सगळी फाईल मागतोय, ऑपरेशनच्या नोंदी, भुलीचे कागद, सिस्टरांनी रात्री काय लिहिलं ते. मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे की पेशंटनं किंवा नातेवाईकांनी मागितलं तर ७२ तासात कागद द्यायचे. चार वेळा गेलो, अर्जावर पोच द्यायला तयार नाहीत, शेवटी स्पीड पोस्टाने पाठवला, त्यावर तोंडी उत्तर काय तर कोर्टातून ऑर्डर आणा. रिसेप्शनच्या मागे हा एवढा मोठा बोर्ड आहे, डॉक्टरांवर हल्ला केल्यास ३ वर्षं कैद आणि ५० हजार दंड. बरोबरच आहे, पोरं काचा फोडायला निघालेली तेव्हा मीच त्यांना परत पाठवलं. पण २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद पण लावायची आहे, ती शोधली तर पाण्याच्या कूलरच्या मागे सापडली.

पोलिसांकडे गेलो तर ते म्हणतात २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सरकारी डॉक्टरांचं मत आल्याशिवाय डॉक्टरवर गुन्हा घेत नाही. हे मला चुकीचं वाटत नाही, उठसूट डॉक्टरला आत टाकलं तर उद्या पेशंटला हात कोण लावणार. पण ते मत देणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलच्या समितीकडे आमचं प्रकरण पडून आहे आणि तिथला क्लार्क म्हणतो हॉस्पिटलकडून फाईल आलेली नाही. म्हणजे परत तीच फाईल.

आणि सगळे विचारतात पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, का नाही केलं. आक्का गेली आणि पंधरा मिनिटात एकजण फॉर्म घेऊन आला, पीएम करायचंय का, चिरफाड होईल, बॉडी मिळायला संध्याकाळ होईल. दाजी म्हणाले आता अजून नको तिला कापायला, आणि सही केली. त्यावेळी कुणाला सुचतं हो? वाचकांपैकी कुणावर ही वेळ आली तर आधी पोलिसांना कळवा आणि पीएम करा, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यातले आठ महिने गेले. वकील म्हणतात कागदाशिवाय केस उभी राहणार नाही. हॉस्पिटलांना कागद तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे ती फाईल आज कुठल्या तरी कपाटात आहेच. आमची आरोग्य खात्याकडे मागणी एवढीच आहे की पेशंट दगावला की बिलाबरोबरच फाईलची झेरॉक्स नातेवाईकांच्या हातात द्यायची, मागायला लावायचं नाही. ते व्हायचं तेव्हा होईल, तोवर जिल्हा शल्यचिकित्सकांनी आमचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते तरी कळवावं.

नाव पत्ता सोबत दिलाय, भाचीच्या लग्नाचं बघतोय म्हणून छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक, तासगाव तालुका