खेळातले अन्न आणि कोकणातला ओलावा

महोदय,

राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. मराठी तरुणांनी आता स्वतःचे व्हिडिओ गेम घडवावेत, अशी अपेक्षा त्यामुळे साहजिकच व्यक्त होते. मात्र त्यासाठी विषय सुचवताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किल्ले आणि लढायाच येतात. किनाऱ्यावर राहणारी व्यक्ती म्हणून मला एक वेगळा विषय मांडायचा आहे. तग धरून राहण्याच्या, म्हणजे सर्व्हायव्हल प्रकारच्या खेळांत अन्न कसे नासते आणि कसे टिकवले जाते, हा तो विषय.

कॅनडातील क्ले एंटरटेनमेंट या कंपनीच्या 'डोन्ट स्टार्व्ह' या २०१३ च्या खेळात जमवलेल्या खाद्यपदार्थामागचा रंग आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल होतो आणि शेवटी नुसती कुज उरते, जी खत म्हणून कामी येते. बर्फपेटीत ठेवल्यास नासण्याचा वेग निम्मा होतो, वाळवलेले मांस कच्च्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते आणि मध फार सावकाश खराब होतो. ही रचना मला मनापासून आवडते. अन्न मिळवणे आणि अन्न राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे फ्रीजच्या घरात वाढलेल्या मुलाला ती शिकवते; अन्न कधीच न नासणाऱ्या 'माइनक्राफ्ट'मध्ये ही जाण येत नाही.

तथापि या खेळांतले नासणे मुख्यतः वेळ आणि तापमान यांच्या हिशेबाने चालते, आणि थंडी हीच तिथली मोठी राखणदार असते. 'द लाँग डार्क' कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात घडतो. तिथे मांस घराबाहेर ठेवले की सावकाश खराब होते. 'व्हिंटेज स्टोरी'त जमिनीखाली तळघर करून त्यात अन्नाची भांडी ठेवायची आणि पिंपात मीठ घालून मांस मुरवायचे. थंड मुलखासाठी ही मांडणी चोख आहे. आपल्याकडे असे तळघर खणले तर जुलैत त्यात पाणी भरेल. म्हणून कोकणात टिकवायचे अन्न खाली नव्हे तर वर, चुलीवरच्या शिंकाळ्यात किंवा माळ्यावर, धुराच्या आणि उबेच्या वाटेत ठेवले गेले.

आपला शत्रू ओलावा आहे, आणि तो खेळांत जवळजवळ नाहीच. साध्या मिठाचे वागणे पाहा. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढू लागते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती सहसा त्याहून अधिकच असते. त्यामुळे मे महिन्यात मीठ लावून कडकडीत वाळवलेला बांगडा टोपलीत उघडा राहिला, तर आषाढात हाताला चिकट लागतो, त्याला पाणी सुटते, आणि कधी त्यावर गुलाबीसर थर चढतो. तो मिठातच वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. उन्हाळ्यात माशातले पाणी बाहेर काढणारे मीठच पावसाळ्यात हवेतले पाणी माशात आणते. 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये पाऊस पडत असताना वाळवण थांबते, इथवर रचनाकारांनी विचार केला आहे. पण मांस एकदा वाळले की नुसती दमट हवा त्याला पुन्हा मऊ करत नाही. कोकणातल्या बायकांची निम्मी मेहनत तिथूनच पुढे सुरू होते: उघडीप मिळाली की सुकट पुन्हा उन्हात काढायची, ऊन नसेल तेव्हा चुलीची ऊब द्यायची, आणि डबा उघडला तर लगेच झाकायचा.

वाळवण्याच्या रीतीही एकसारख्या नाहीत. बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या भागांत दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूंच्या वलांडीवर, मीठ न लावता, टांगतात. त्यामुळे सगळ्या अंगाने वारा लागतो आणि वाळूही चिकटत नाही. आमसुलांचे तंत्र निराळे. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साले मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. आंबटपणा, मीठ आणि कोरडेपणा हे तिन्ही एकत्र आल्यामुळे आमसूल मऊ राहूनही सहसा बुरशी धरत नाही.

एका बाबतीत माझा स्पष्ट आक्षेप आहे. 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये शिळा पदार्थ विस्तवावर भाजला की गमावलेला ताजेपणा काही अंशी परत येतो. मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर ही समजूत घातक ठरेल. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना उष्ण हवेत राहिले तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात, आणि ते तळून, उकळून वा खारवूनही जात नाही. चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, जुलाब असा त्रास माशाला वास येत नसतानाही होऊ शकतो. ताजेपणाच्या आकड्याशेजारी, शिजवल्याने न घटणारा असा विषाचा दुसरा आकडा ठेवणे खेळ रचणाऱ्याला मुळीच अवघड नाही.

तेव्हा खेळ घडवू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, प्रत्येक पदार्थाला वेळेबरोबर ओलाव्याचाही हिशेब जोडावा. ऊन-वाऱ्याने तो ओलावा उतरावा, दमट हवेने चढावा, घट्ट झाकणाने आहे तिथेच राहावा. हंगाम तर आयताच तयार आहे: यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद असते, आणि त्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी पुरी व्हावी लागते. तांदूळ, कुळीथ, सोडे, सुके बोंबील, आमसुले, फणसपोळी, खारातल्या कैऱ्या यांतले काय, किती आणि घरात नेमके कुठे ठेवायचे, हा पेच खेळाडूला सबंध पावसाळा पुरेल. त्यामागचे शास्त्र रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात समजून घेता येईल. मिठाचा हात किती आणि मासा पुरता वाळला हे कशावरून ओळखायचे, हे मात्र बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांनाच विचारावे लागेल. त्यासाठी त्यांना रीतसर मोबदला द्यावा आणि खेळाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे घालावीत.

— एक वाचक, मालवण