दारू विकणाऱ्या वसतिगृहाने रात्री जागेही राहावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवाशांना स्वस्तात खाट देणाऱ्या युवा वसतिगृहांत दारू विकू द्यावी का, हा प्रश्न निघाला की चर्चा हॉटेल-बारच्या नियमांपाशीच घुटमळते. परवाना आहे का, गिऱ्हाइकाचे वय काय, विक्री किती वाजता बंद होते, एवढे तपासले की काम झाले असे मानले जाते. हे नियम वसतिगृहाला अपुरे पडतात आणि ते बदलायला हवेत, म्हणून हे पत्र.

बार बंद झाला की माणूस तिथून निघून जातो. वसतिगृहात मात्र तो त्याच छपराखाली आठ-दहा अनोळखी माणसांच्या खोलीत झोपायला जातो, अनेकदा बंकच्या वरच्या खाटेवर. शेवटचा पेला संपला तरी पोटातली दारू रक्तात उतरतच असते. त्यामुळे काउंटरवरून नीट चालत गेलेला मुलगा अर्ध्या-पाऊण तासाने बेशुद्धही असू शकतो. उताणा झोपलेला असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. शेजारच्या खाटेवरचा प्रवासी त्याला ओळखत नाही; ही झोप आहे की बेशुद्धी, हे त्याला कसे कळावे? ज्याने दारू विकली तो तोवर गल्ला मोजून घरी गेलेला असतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. वसतिगृहाला विक्रीची परवानगी द्यायची असेल, तर विक्री संपल्यावर सकाळपर्यंत एक प्रशिक्षित, न प्यायलेला कर्मचारी जागा असलाच पाहिजे. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवायचे, श्वास कसा मोजायचा, रुग्णवाहिका कधी बोलवायची, हे त्याला आलेच पाहिजे. आणि ही अट परवान्यातच लिहिलेली हवी.

दुसरी गोष्ट फुकट शॉटची. पाठीवर पिशवी घेऊन स्वस्तात फिरणाऱ्या ‘बॅकपॅकर’ प्रवाशांच्या वसतिगृहांत पाहुण्यांना फुकट शॉट, म्हणजे कडक दारूचा छोटा पेला, देण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. खाटेचे भाडे स्पर्धेमुळे वाढवता येत नाही, मग नफा बारमधून काढायचा, आणि त्यासाठी पहिला पेला फुकट, असा हा हिशेब आहे. पण त्या फुकटच्या पेल्यात नेमके काय आहे, हे पिणाऱ्याला कळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या गावी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा बळी घेतला. त्यांत अवघ्या १९ वर्षांच्या मुलीही होत्या. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखू येत नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. लक्षणे दिसायला बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो, म्हणून त्रास सुरू झाला तरी तो ‘हँगओव्हर’ समजून मुले झोपून राहतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. धूसर दिसू लागले, श्वास जलद झाला की तडक रुग्णालय गाठायचे असते, हे प्रवासाला निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला आधीच सांगून ठेवायला हवे.

म्हणून नव्या नियमांत फुकट दारू पूर्ण बंद व्हावी. सुटी, जगमधून ओतलेली किंवा बिनलेबलची दारू वसतिगृहात येऊच नये. सीलबंद बाटली किंवा कॅन पाहुण्यासमोर उघडावा. ठरावीक तासांपुरती स्वस्त दारू देण्यावरही बंदी हवी. ही मागणी जगावेगळी नाही. आयर्लंडने २००३ मध्येच कायद्याने ‘हॅपी अवर’ बंद केले. स्कॉटलंडच्या २००५ च्या परवाना कायद्यानुसार दारूचा दर बदलला तर तो किमान ७२ तास तसाच ठेवावा लागतो. तासाभराची सूट दाखवून घाईघाईने प्यायला लावणे तिथे कायद्यात बसतच नाही.

वयाच्या बाबतीत वसतिगृहाला कोणतीही सबब सांगता येणार नाही. गजबजलेल्या बारमध्ये समोरच्याचे वय ओळखणे अवघड असेल. वसतिगृहात मात्र खोली देतानाच पासपोर्ट किंवा ओळखपत्र पाहिलेले असते. जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर मिळते, जपानमध्ये २० आणि अमेरिकेत २१ पूर्ण लागतात. ‘आमच्याकडे चालतं’ असे पाहुणा म्हणेल, पण कायदा लागू होतो तो वसतिगृह जिथे आहे तिथला. सज्ञान माणसाने विकत घेऊन अल्पवयीनाच्या हातात देणेही त्याच नियमाखाली यावे.

आणि शाळेची सहल मुक्कामाला असेल त्या रात्री बार बंदच राहावा. यूथ हॉस्टेलची कल्पनाच एका शिक्षकाची. १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि सर्वांना एका शाळेत रात्र काढावी लागली. त्यातून पुढे जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उभे राहिले. ज्या घरांची सुरुवात मुलांच्या निवाऱ्यासाठी झाली, तिथे मुलांच्या खोल्यांखाली रात्री बारापर्यंत दारूचा गोंगाट चालावा, हे मला पटत नाही.

मग सरसकट बंदीच का नको, असे काही वाचक विचारतील. त्यांची कळकळ मला मान्य आहे. केवळ तरुणांच्या सहली आणि शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी बंदी जरूर ठेवावी. पण सर्व वयाचे प्रवासी उतरतात अशा ठिकाणी बंदी घातली की बाटली पिशवीतून खोलीत येते आणि दाराआड, भरभर, कोणाच्या नजरेत न येता संपवली जाते. त्याहून वाईट म्हणजे एखाद्याची तब्येत बिघडली तर ‘आपल्याला हाकलून देतील’ या भीतीने सोबती मदत मागत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दारू प्यायलेल्या अल्पवयीन मित्रासाठी मदत बोलावणाऱ्यावर कारवाई न करण्याची कायदेशीर तरतूद आहे. तसेच एक वाक्य प्रत्येक वसतिगृहाच्या नियमावलीत असावे: मदत मागणाऱ्याला खोली सोडायला लावली जाणार नाही, दंडही होणार नाही. ते वाक्य रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या आणि रुग्णवाहिकेच्या क्रमांकासह प्रत्येक डॉर्मिटरीच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाहुण्यांना कळेल अशा भाषांत लावावे.

रात्रपाळीच्या माणसाचा पगार लहान वसतिगृहांना परवडणार नाही, ही तक्रार येईलच. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी दारूचा परवाना मागू नये, आणि मागितला तरी परवाना अधिकाऱ्यांनी तो देऊ नये.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक