सेन्सरच्या दिव्याचे तोंड कोणीकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील आमच्या वसाहतीत घरफोडीचे दोन प्रकार झाल्यापासून, हालचाल टिपून आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे बहुतेक फाटकांवर दिसू लागले आहेत. माझ्याही घरी असा दिवा आहे, तेव्हा माझी तक्रार दिव्याविषयी नाही. तो कोठे, किती उंचीवर आणि कोणीकडे तोंड करून बसवायचा, याचा विचार ना विकणारा करतो ना बसवणारा, आणि घरमालक तर पैसे देऊन मोकळा होतो. त्याविषयी हे पत्र.

मी मार्चमध्ये दिवा घेतला तेव्हा कारागिराने तो पोर्चच्या छताखाली, फाटकाच्या अगदी समोर ठोकला आणि ‘‘काका, उजेड पार रस्त्यापर्यंत जाईल,’’ अशी ग्वाही दिली. एप्रिलपर्यंत सारे ठीक चालले. मे महिन्यात मात्र रात्री साडेआठला फाटक उघडून, चार पायऱ्या चढून, अंधारात किल्ली चाचपडेपर्यंत दिवा लागेना. बिघडला म्हणून दुकानात नेला, तर तेथे एसीच्या गारव्यात तो हात हलवताच लागला! दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते.

दोष दिव्यात नव्हताच. या दिव्यांत सहसा असणारा पीआयआर सेन्सर हालचाल पाहत नाही. तो आजूबाजूच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक टिपतो. दिवसभर तापलेल्या भिंती व फरशी रात्रीही अंगाइतक्याच गरम राहिल्या, तर त्याला माणूस वेगळा ओळखू येत नाही. शिवाय त्याच्या पुढच्या दुधी भिंगाचे बारीक भाग असतात आणि माणूस एका भागातून दुसऱ्या भागात गेला की त्याला चाहूल लागते. त्यामुळे आडवे चालणारा त्याला चटकन सापडतो, समोरून सरळ येणारा उशिरा. आणि फाटकातून येणारा तर सरळच येतो. अखेर दुसऱ्या कारागिराकडून दिवा बाजूच्या भिंतीवर, सुमारे साडेसात फुटांवर हलवून घेतला. काम अर्ध्या तासाचे होते. मे महिन्यात त्याचा पल्ला आजही कमीच असतो, पण पहिल्या पायरीवर पाय पडला की दिवा लागतो.

याउलट नको तेव्हा लागणारे दिवेही पुष्कळ आहेत. एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत समोर असला किंवा तापलेली वेल वाऱ्याने हलली तरी सेन्सर फसतो. अनेक दिव्यांच्या पोटाशी वेळ, अंधार आणि संवेदनक्षमता ठरवणाऱ्या तीन लहान खुंट्या असतात. आमच्या ओळीतल्या किती घरी त्यांना कोणी हात लावला असेल, याची मला शंकाच आहे.

सर्वांत मोठा उपद्रव उजेडाच्या दिशेचा. समोरच्या घरावरील 50 वॉटचा फ्लडलाइट थेट आमच्या झोपण्याच्या खोलीवर रोखलेला होता आणि गल्लीतले कुत्रे फिरले की मिनिटभर खोलीत लख्ख पांढरा उजेड पडे. उन्हाळ्यात खिडकी बंद करता येत नाही, म्हणून सौभाग्यवतींनी गजांना जुनी चादर बांधली. शेजाऱ्यांना तोंडी सांगून पटेना, तेव्हा एका रात्री त्यांना आमच्या खिडकीशी आणून उभे केले. दुसऱ्या दिवशी दिव्याचे तोंड खाली झाले. दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर अचानक असा झोत आला तर काय होईल, ते सांगायला नको. आणि डोळे दिपल्यावर फाटकाच्या खांबाआड उभा असलेला माणूस खुद्द घरमालकालाही दिसत नाही.

रात्रभर दिवा जाळण्यापेक्षा सेन्सर केव्हाही बरा, हे खरेच. 50 वॉटचा दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला 18 युनिट वीज जाते. सेन्सरवर तो रात्रीतून वीस मिनिटे लागला तर अर्धा युनिट पुरतो. परंतु 10 वॉटचा, पिवळसर उजेडाचा दिवा दारापुरता पुरत असताना 50 वॉटचा हवाच कशाला? आपल्याच जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारे ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी बफर क्षेत्रातील गावांचे शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. गावांना जमले ते आमच्या प्लॉटांवर का जमू नये?

माझी विनंती एवढीच, की दिवा बसवणाऱ्याला दुपारी बोलावू नये, दिवेलागणीनंतर बोलवावे. त्याच्यादेखत फाटकापासून दारापर्यंत दोनदा चालून पाहावे, मग रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या खिडकीशी उभे राहून पाहावे, आणि त्यानंतरच त्याचे पैसे द्यावेत.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर