बादली वर जाण्याआधी

महोदय,

फांद्या छाटायला बकेट ट्रक (लांब यांत्रिक हाताच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला माणूस उभा राहील अशी बादली असलेली गाडी) वापरणे शिडीपेक्षा नक्कीच बरे, पण यंत्र धड असेल तरच. रोज काम सुरू करण्यापूर्वी रिकामी बादली खालच्या कंट्रोलवरून पूर्ण वर न्यावी, बूम फिरवून पाहावा, मग इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे. बूम आपोआप खाली बसू लागला, तर तेलाच्या दाबाने बूम उचलणाऱ्या सिलिंडरचा होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल रोखून धरणारी झडप) किंवा आतले सील गळत आहे. होज (तेलाची नळी) फुटली तरी तेल अडवून धरणारा हाच व्हॉल्व्ह. तो निकामी असताना ‘आजचा दिवस निभावून नेऊ’ म्हणणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे आहे.

होजची गळती हाताने कधीही चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीखाली शिरते. जखम क्षुल्लक दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठा धरून पाहावे.

अनेक गाड्यांत बादली सरळ ठेवणारी केबल बूमच्या आत असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या तारा एकेक करून तुटतात आणि एके क्षणी बादली उलटते. तेव्हा हार्नेसचा (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांचा) दोर बूमवरच्या ठरलेल्या कड्यालाच हवा, झाडाला नव्हे.

तोडलेली फांदी बूमवर आदळली, तर बूमच्या वीजरोधक फायबरला तडा गेलाय का ते तपासल्याशिवाय पुढचे काम करू नये. तडा, ओल आणि चिकटलेला भुसा यांमुळे वीजरोधकता जाते. तारांजवळ काम चालू असताना जमिनीवरच्यांनी गाडीला हात लावू नये. आणि आउटरिगरखाली (गाडी स्थिर ठेवणाऱ्या बाजूच्या पायांखाली) रुंद पाट हवेतच, मऊ मातीत तर हमखास.

– यंत्रदेखभाल करणारा एक वाचक