बाबा, कानाचं मशीन घेतलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रागावू नका. आणि आई, तू त्यांची बाजू घेऊ नकोस. कानाचं मशीन घेतलंय. दोन्ही कानांचं. पैसे भरून झालेत, तेव्हा किंमत विचारू नका. शनिवारची वेळही घेतली आहे, रत्नागिरीतच, म्हणजे तुम्हाला घाट चढून पुण्याला यायला नको.

दिवाळीतली तपासणी 'नॉर्मल' आली म्हणालात ना? तो कागद मला आरत्यांच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला सापडला. आलेखाची रेघ डावीकडं बरी, उजवीकडं घसरत थेट खाली. इथल्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर पोचतात, पण क, त, स, श निसटतात. क, त, क. बाबा, हे तर माझंच नाव की हो! मी फोनवर "केतकी बोलतेय" म्हणते तेव्हा तुम्हाला नुसतं 'ए-अ-ई' ऐकू येत असणार. म्हणून तुम्ही "कोण, देवकी?" विचारता. आजवर हसत होते त्याला. त्या दवाखान्यात नाही हसू आलं.

खरं सांगू? वर्षभर मी "आईकडे द्या" म्हणत आले. ओरडून बोलायचा कंटाळा यायचा, दुसरं काही नाही. तुम्हालाही ते कळत असणार, कारण हल्ली तुम्हीच "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. चूक माझी आहे.

2023 मध्ये गायिका सुमनताई कल्याणपूरांना पद्मभूषण जाहीर झालं त्या रात्रीचा तुमचा फोन आठवतो. लोक अजून त्यांच्या आवाजाला लताबाईंचा समजतात, हे तुमचं जुनं दुखणं पंधरा मिनिटं ऐकलं. मी दोनदा "बाबा, माझं गाणं लावा ना" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो." मी फोन ठेवला.

आजी शेवटपर्यंत कुरकुरली. केतकीनं ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली, तिचं फूल शंकराला चालत नाही, वर पानाला काटे, बनात साप, आणि पोरीला हे नाव? तरी तुम्ही सुमनताईंचं 'केतकीच्या बनी' सोडायला तयार नाही. "शंकराला चालत नसेल, मला चालते." एवढंसं वाक्य, पण शाळेत पोरं 'केवडा' म्हणून चिडवायची तेव्हा मी तेच मनात म्हणायचे. रेडिओवर ते लागलं की तुम्ही पायरीवर बसून मला मांडीवर घ्यायचात, अशोक पत्कींच्या चालीवर गुडघा हलायचा आणि माझे दात वाजायचे. त्या गुडघ्याला आता तेल कोण लावतं, आई? रोज लावतेस ना?

डॉक्टर म्हणतात, हे फार जणांना होतं. साठीपुढच्या चौघांत एकाहून जास्त माणसांना बऱ्यापैकी कमी ऐकू येतं. म्हणजे तुमच्या कट्ट्यावरही एकदोघे असणारच, तेही मान डोलावून वेळ मारून नेत असतील. लाजायचं कारण नाही. मशीन कानामागं बसतं, करड्या रंगाचं घेतलंय, केसांत दिसणार नाही. (केस आहेत तेवढ्यात.)

आता नीट वाचा. पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येईल. लगेच काढून कपाटात टाकायचं नाही. आधी घरात दोन-तीन तास, मग वाढवायचं. आंघोळीला आणि झोपताना काढायचं. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, आपल्याकडची ओल मेली वाईट. कानात कोमट तेल आणि काडी, दोन्ही बंद. आई, हे तुलाही.

आणि नाहीच जमलं तर परत करता येतं, मुदत विचारून घेतली आहे. पण जमवा. बारशाला आत्यानं माझ्या कानात कुर्र केलं होतं ना? शनिवारी मशीन बसलं की तुमच्या कानात मी करणार आहे. हळू आवाजात, मुद्दाम. तुम्ही सांगायचं काय ऐकलंत ते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, सकाळी पोचेन. आई, जागी राहू नकोस, किल्ली कुंडीखाली ठेव. न्याहारीचा घाट घालू नकोस. घावन करणारच असशील तर माझ्यासाठी दोनच.

तुमची,
केतकी