फुंकर नाक्यावर मारू, पण चौकीत वकिलाला फोन करू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

धुळवड किंवा 31 डिसेंबर आला की मद्यपी चालकांवरच्या कारवाईचे आकडे आपल्या अंकात येतात. नाकाबंदी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पुणे-बंगळुरू महामार्गालगत राहणाऱ्यांना दारू प्यायलेला चालक काय करून ठेवतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण 22 वर्षे तालुका न्यायालयात वकिली करताना जे पाहिले, ते या आकड्यांत कधी येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात एक टेम्पोचालक माझ्याकडे आला. मंडईत भाजी उतरवून रात्री अडीचच्या सुमाराला तो रिकामी गाडी घेऊन परतत होता. नाक्यावर अडवले, यंत्रात फुंकर मारायला सांगितले. त्याला लहानपणापासून दमा. थंडीत श्वास पुरेना, यंत्र आकडा दाखवेना. तीनदा तसेच झाले. ‘नाटकं करू नकोस’ म्हणत चौकीत नेले, मोबाइल टेबलावर काढून ठेवायला लावला. त्याने विचारले, ‘साहेब, मला अटक केलीय का?’ उत्तर आले, ‘अटक कुठं? नुसता बस.’ पहाटेपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. रक्त घेतले नाही. सकाळी एका कागदावर सही घेतली. तोंडाला दारूचा वास येत होता आणि चाचणीला नकार दिला, असे त्यात लिहिले होते. गाडी जमा झाली. गाडी उभी म्हणजे घरातली कमाई बंद, म्हणून त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, 10 हजार रुपये भरले आणि गाडी सोडवली.

माझ्याकडे आला तेव्हा सगळे उरकले होते. पिशवीतून त्याने दम्याचा पंप आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढला. ‘मॅडम, हे त्या रात्री दाखवलं असतं तर चाललं असतं का ओ?’

चालले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 205 प्रमाणे चाचणी नाकारणे हे चालकाच्या विरोधात धरता येते, पण नकाराला वाजवी कारण असेल तर नाही. दमा हे वाजवी कारण ठरू शकते. एवढे एक वाक्य त्या रात्री त्याला कोणी सांगायला हवे होते.

मला सर्वांत जास्त खुपते ते ‘अटक कुठं, नुसता बस’. कायद्याने चालकाला दिलेले जवळजवळ प्रत्येक संरक्षण ‘अटक’ या एका शब्दाला टांगलेले आहे. कलम 203 प्रमाणे अटक झालेल्याला पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यायची असते. कलम 204 प्रमाणे रक्ताचा नमुना मागता येतो, तोही अटकेनंतर. कलम 202 म्हणते, अटकेपासून 2 तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडून द्या. आणि संविधानाच्या अनुच्छेद 22 ने वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे तोही अटक झालेल्यालाच. अटक झालीच नाही म्हटले की हे सारे गळून पडते आणि बाकड्यावरचा माणूस मात्र हलू शकत नाही. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नंदिनी सत्पथी प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. कोठडीसारख्या परिस्थितीत विचारपूस चालू असेल तर वकील मिळू देणे हाच अनुच्छेद 22 चा आशय आहे, असे त्यांनी लिहिले. त्याला आता जवळपास अर्धे शतक होत आले, तरी चौकीत तो आशय पोचलेला नाही.

कॅनडात याच प्रश्नावर वर्षानुवर्षे खल झाला आहे. तिथल्या हक्कांच्या सनदेत अटकेबरोबर ‘अडवून ठेवणे’ हेही शब्द आहेत, त्यामुळे नाक्यावर थांबवलेल्या चालकालाही तत्त्वतः वकिलाचा हक्क लागू होतो. मग फुंकर मारण्याआधी वकिलाला फोन करू द्यायचा का? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये सांगितले, की रस्त्यावरच्या त्या काही मिनिटांपुरता हा हक्क बाजूला ठेवणे समर्थनीय आहे. मात्र ती मिनिटे लांबवता येणार नाहीत. 2023 च्या एका निकालात पोलिसांकडे जागेवर यंत्रच नव्हते, ते येण्याची वाट पाहावी लागत होती आणि चालकाने फुंकर नाकारली. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, कारण वकिलाविना थांबवायचे तर चाचणी तिथल्या तिथे व्हायला हवी. चाचणीत नापास होऊन अटक झाली, की पोलिसांनीच वकिलाच्या हक्काची आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती द्यायची आणि फोन करू द्यायचा, असा तिथे दंडक आहे.

मला हे बरोबर वाटते. 100 मिलिलिटर रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते आणि आपली कायदेशीर मर्यादा तेवढ्या रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. वकील येईपर्यंत चाचणी थांबवली तर पुरावाच उडून जाईल. म्हणून नाक्यावरच्या फुंकरीसाठी वकील हवा, असे मी म्हणत नाही. चौकीचे दार ओलांडल्यावर मात्र फोन मिळालाच पाहिजे, आणि त्या फोनसाठी नमुना घेणे थांबवू नये.

वकील आला की दारूडा सुटतो, असे अनेकांना वाटते. मृतांच्या नातेवाइकांना तसे वाटले तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे रक्त खवळले होते, माझेही. पण पैसेवाल्या घरी वकील मध्यरात्रीही धावत येतो. चौकीत फोन हवा आहे तो टेम्पोवाल्याला आणि रिक्षावाल्याला. माझ्याकडे आलेल्या त्या टेम्पोचालकाने त्या रात्रीच मला फोन केला असता तर मी त्याला लपवाछपवी शिकवली नसती. मी म्हटले असते, ‘दम्याचा कागद दाखव, रक्त घ्या म्हणून स्वतःहून सांग, आणि न वाचता सही करू नकोस.’ रक्त घेतले असते तर खरे काय ते त्याच रात्री कळले असते, पोलिसांनाही.

नवा कायदा करण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 मध्ये अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण प्रत्यक्षात हा वकील भेटतो दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यावर, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या कसाब निकालातही तीच वेळ धरली आहे. दारूच्या गुन्ह्यात तोवर पुरावा घेऊन झालेला असतो, नाहीतर घ्यायचा राहून गेलेला असतो. वरळीच्या जुलै 2024 मधल्या ‘हिट अँड रन’ प्रकरणातून नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान 2 तास आधी. त्याच कागदावर मराठीत आणखी दोन ओळी छापता येतील: तुम्हाला वकिलाशी बोलता येईल, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक 15100 आहे.

आणि ज्याला ‘नुसता बस’ म्हणून बसवले, त्याची वेळ ठाण्याच्या डायरीत लिहावी. केव्हा आणला, केव्हा सोडला, फोन करू दिला की नाही, एवढेच.

रात्रीच्या वेळी फोन उचलायला वकील मिळणार नाहीत, असे मला ठाणेदारांनी सांगितले. आमच्या वकील संघातल्या आम्ही काही जणी नाकाबंदीच्या रात्री पाळीपाळीने फोन उचलायला तयार आहोत. तसे लेखी पत्र मी गेल्या आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले आहे. उत्तर आले की आपल्याला कळवीन.

आपली,
एक वकील वाचक,
कराड, जि. सातारा